दोन दिवसांचा आराम

निरंजन तसा वाईट माणूस नव्हे, हे आधी सांगून टाकलेलं बरं. पान-तंबाखू नाही, आवाज चढवणं नाही, सकाळी नवा रायपूरची स्टाफ बस पकडायची आणि संध्याकाळी वेळेवर घरी यायचं. त्याच्या आजोबांनी रेल्वेच्या नोकरीसाठी वर्ध्याहून रायपूर गाठलं, वडील श्यामरावही रेल्वेतच निवृत्त झाले आणि गेले. निरंजन मात्र नव्या राज्याच्या मंत्रालयात बाबू झाला. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायका आपापल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण द्यायच्या. एकदा चांगला म्हणून नाव झालं, की त्या नावाआड माणसाला किती काय लपवता येतं, याचा विचार कोणी करत नाही.

त्याची बायको देवश्री. दोन मुली, पिंकी आणि गंधाली, दोघी सिझेरियनच्या. गंधालीच्या वेळी ऑपरेशनच्या टेबलावरूनच डॉक्टरीणबाईंनी बाहेर निरोप पाठवला होता, की आतली जागा फार पातळ झाली आहे, तिसरं बाळंतपण जिवावर बेतेल, नळ्या आताच बांधून टाकायच्या का? देवश्रीने आत हो म्हटलं होतं. बाहेर निरंजनची आई शांताबाई उभी होती. तिने नर्सला सांगितलं, की अजून पोट्टा व्हायचा आहे, काही बांधायचं नाही. नर्सने निरंजनकडे पाहिलं. निरंजनने आईकडे पाहिलं. तेवढ्यावर निकाल लागला, आणि नळ्या तशाच राहिल्या.

त्यानंतर जे काही करायचं ते देवश्रीच्याच अंगावर आलं. कॉपर-टी बसवली तर चार महिने अंगावरून जात राहिलं. गोळ्या घेतल्या तर डोकं असं दुखायचं, की पोळ्या लाटता लाटता ती भिंतीला टेकायची. निरोध आणायचा म्हटलं तर सदर बाजारातला मेडिकलवाला निरंजनच्या शाळेतला, त्याच्यापुढे याची जीभ रेटत नसे. दुसऱ्या दुकानात जाता आलं असतं, पण तेवढी तसदी कोण घेणार? त्रास व्हायचा तो तिला होत होता.

मंत्रालय नव्या रायपुरात हललं, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. थंडी नुकती सुरू झाली होती. एका दुपारी देवश्रीने त्याला समोर बसवून सांगितलं, की आता तुमचा नंबर. पुरुषाचं ऑपरेशन दहा मिनिटांचं असतं, चिरा नाही, टाका नाही, सरकारी दवाखान्यात नसबंदीचा पखवाडा, पंधरा दिवसांचं शिबिर, चालू आहे. समता कॉलनीतल्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन तिने सगळी माहिती काढून आणली होती. निरंजनला नाही म्हणायला कारण सापडेना, म्हणून तो हो म्हणाला.

आईला कळू द्यायचं नाही, हे दोघांनी ठरवलं. शांताबाईच्या मते ऑपरेशन केलेला पुरुष कामातून जातो. आणीबाणीत रेल्वे कॉलनीतल्या मारोती मिस्त्रीला धरून नेलं होतं आणि तो पुढे जन्मभर खोकत राहिला, हा तिचा पुरावा. मारोती दिवसाला दोन बंडल बिड्या ओढायचा, ते तिच्या लेखी महत्त्वाचं नव्हतं. निरंजनला आईच्या या बोलण्याचं हसू यायचं. पण भैय्यालाल नावाच्या सहकाऱ्याने बसमध्ये पखवाड्याची जाहिरात मोठ्याने वाचली आणि वर म्हणाला, "शेर को बकरी बनाने का सरकारी इंतजाम." सगळ्यांबरोबर निरंजनही हसला, आणि मग खिडकीबाहेर बघत बसला.

ठरल्या दिवशी तो गेला, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. रजा टाकली, दवाखान्यात नाव सांगितलं आणि बाकावर जाऊन बसला. शेजारी एक रिक्षावाला आणि गावाकडून आलेली तीन माणसं होती. रिक्षावाला निवांत शेंगदाणे खात होता. कोणी ओळखू नये म्हणून निरंजन सगळ्यांशी हिंदीतच बोलत होता. तेवढ्यात देवश्रीचा फोन आला. त्याला धीर यावा म्हणून तिने आठवणीने केला होता. तो तोंडापुढे हात धरून हळूच म्हणाला, "हव, पोचलो. बसून राहिलो. तू नको काळजी करू."

यादी घेऊन चाललेली सिस्टर थबकली. पन्नाशी उलटलेली बाई, चष्मा कपाळावर सरकवलेला. तिने सरळ मराठीत विचारलं, "तुम्ही शांताबाईचे निरंजन ना?"

त्या प्रेमलाबाई होत्या. दर गुरुवारी देवळातल्या भजनी मंडळात त्याच्या आईच्या शेजारी बसून टाळ वाजवणाऱ्या. एवढ्या मोठ्या रायपुरात एरवी मराठी माणूस शोधून सापडायचा नाही, आणि आज तो नेमका इथे, हातात यादी घेऊन उभा. निरंजनच्या डोळ्यांपुढे गुरुवारचं सगळं मंडळ फेर धरून उभं राहिलं. प्रेमलाबाई हसून म्हणाल्या, की घाबरू नका, तुमचा पाचवा नंबर आहे, आणि आत गेल्या. त्या बाहेर येईपर्यंत निरंजनने काढता पाय घेतला होता.

इथवरचं एक वेळ माफ करता येईल. ऐनवेळी धीर खचणं कोणाच्याही बाबतीत होतं. घरी जाऊन "नाही जमलं" एवढंच म्हणायचं होतं. देवश्री रागावली असती, दोन दिवस बोलली नसती, आणि तिने दुसरी वाट शोधली असती. पण रागावलेली देवश्री त्याला नको होती. तो तासभर रस्त्याने भटकला आणि मग त्याने जे केलं, ते भित्रेपणाच्या फार पुढचं होतं. एका अनोळखी मेडिकलमधून त्याने कापूस, पट्टी आणि चिकटपट्टी घेतली, स्टेशनच्या संडासात जाऊन स्वतःच्या हाताने बांधली, आणि पाय फाकवत, अंग सांभाळत रिक्षातून घरासमोर उतरला.

दोन दिवस देवश्रीने त्याला पलंगावरून हलू दिलं नाही. बादली उचलू दिली नाही, मुलींना त्याच्या अंगावर उड्या मारू दिल्या नाहीत, बदाम घालून शिरा केला तो हातात आणून दिला. आईला सांगितलं होतं की कमरेत उसण भरली, म्हणून आई सकाळ-संध्याकाळ तिळाचं तेल गरम करून त्याची कंबर चोळत होती. घरातल्या दोन बायका एका धडधाकट पुरुषाच्या दोन वेगवेगळ्या खोट्या दुखण्यांची सेवा करत होत्या, आणि तो उशीला टेकून क्रिकेटची मॅच बघत होता. दुसऱ्या संध्याकाळी देवश्री त्याच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "एवढं कोणाचा नवरा करत नाई. माझ्या माहेरी सांगितलं तर कोणाले खरं वाटणार नाई." निरंजनने डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, दुखत असेल.

पुढची दोन खोटी आपोआप आली. तीन महिन्यांनी तपासणी करावी लागते, हे देवश्रीला माहीत होतं. ती झाली, रिपोर्ट चांगला आला, असं त्याने सांगितलं. ऑपरेशनचा दाखला कुठे आहे? ऑफिसच्या कपाटात, घरी आईच्या हाती पडायला नको. देवश्रीला हे शहाणपणाचं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती निर्धास्त झाली होती. गोळी विसरली का, तारीख कोणती, हे सगळं तिच्या डोक्यातून गेलं. तारखा आता निरंजन मनातल्या मनात मोजत होता, आणि अशा मोजण्याचं बहुतेकांच्या घरी जे होतं तेच त्याच्या घरी झालं.

भर उन्हाळ्यात देवश्री माहेरी भावाचं लग्न उरकून आली. त्यानंतर काही आठवड्यांनी तिचं जेवणावरून लक्ष उडालं. आठ दिवस ती कोणाशी धड बोलली नाही. विचारलं तर काही नाही म्हणायची. मग एका रविवारी दुपारी, आई देवळात गेलेली असताना, तिने खोलीचं दार लोटून घेतलं. दिवस गेलेत, तिने सांगितलं. दोनदा तपासून पाहिलं होतं. तिचे ओठ कोरडे पडले होते. पलंगावर गंधाली झोपली होती. देवश्रीने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"हिची शपथ घेऊन सांगते," ती म्हणाली, "माझ्या हातून काही वावगं झालं नाई. हे कसं झालं, मले माहीत नाई. तुम्ही मले काही म्हणा, पण तसलं मनात आणू नका."

बोलायची वेळ तीच होती. चांगला मिनिटभर त्याला मिळाला. तिच्या चेहऱ्यावरची भीती त्याला दिसत होती, आणि ती भीती आपणच तिथे आणून ठेवली आहे, हेही त्याला लख्ख कळत होतं. आणि तो म्हणाला, "माझा विश्वास हाये तुह्यावर."

देवश्रीने त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. केवढ्या मोठ्या मनाचे आहात तुम्ही, असं म्हणत ती रडत राहिली, आणि याने पाय मागे घेतले नाहीत. शरमेने त्याच्या अंगावर काटा आला, हे खरं. पण त्या शरमेत कुठेतरी एक गोडवा होता, हेही तितकंच खरं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याला मोठ्या मनाचा म्हटलं होतं, आणि ते त्याला आवडलं होतं. पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या आवडण्याची.

शांताबाईला उलट्यांवरून कळायला वेळ लागला नाही. या वेळी पोट्टाच, असं तिने जाहीर केलं आणि देवापुढे नारळ ठेवला. देवश्रीला तिसरं मूल नकोच होतं. डॉक्टरीणबाईंचे शब्द ती विसरली नव्हती, आणि दोन मुलींना मागे सोडून मरायची तिची तयारी नव्हती. पण त्याच्याही आधी तिला एक कागद हवा होता. तिने निरंजनकडे दाखला मागितला. कपाट बदललं, त्यात हरवला, असं तो म्हणाला. मग आपण दवाखान्यात जाऊन नक्कल काढू, ती म्हणाली, आणि ऑपरेशन फसलं असं त्यांच्याकडून लिहून घेऊ. नोकरदार माणसांच्या मागे कशाला लागायचं, मी कुठे संशय घेतला, असं त्याने समजावून पाहिलं.

"आज नाई घेतला," देवश्री म्हणाली. "पण कधी भांडण होईन, तुम्ही रागात असान, तवा हेच आठवान. तवा माह्याजवळ कागद पायजे."

शेवटी निरंजनला तिच्याबरोबर निघावं लागलं.

दवाखान्यात टेबलामागे प्रेमलाबाईच बसल्या होत्या. देवश्रीने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. सुरुवात तिने हिंदीत केली. समोरून मराठीत उत्तर आलं आणि तिचा बांध फुटला. तुमच्या हलगर्जीपणाने मला घरात मान वर करायची सोय ठेवली नाही, माझा नवरा देवमाणूस म्हणून मी उभी आहे, दुसरा असता तर रस्त्यावर काढलं असतं, पोटच्या पोरीची शपथ घ्यावी लागली मला. ती बोलत सुटली. रांगेतल्या बायका पुढे सरकून ऐकू लागल्या. प्रेमलाबाईंनी शांतपणे रजिस्टर काढलं, तारीख शोधली. त्या दिवशी ऑपरेशनं झालेली चार नावं होती. त्यांचं बोट चारही नावांवरून खाली आलं आणि कोऱ्या ओळीवर थांबलं. त्यांनी मान वर करून निरंजनकडे पाहिलं. निरंजन भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचत होता.

एका वाक्यात त्यांना मोकळं होता आलं असतं. आयुष्य या नोकरीत गेलेलं, निवृत्तीला वर्ष उरलेलं, आणि चार लोकांत एक पोरगी त्यांना नको नको ते बोलली होती. त्या म्हणाल्या, "चूक आमच्याकडून झाली असन. मले जुने कागद पाहा लागतीन. तुम्ही दोघं जरा बाहेर बाकावर बसा." आणि निरंजनकडे न बघता पुढे म्हणाल्या, "घाई नाई काही."

निरंजनला ते नीट समजलं. ही बाई इतके महिने दर गुरुवारी आईच्या मांडीला मांडी लावून बसली होती आणि तिने एका अक्षराने काही सांगितलं नव्हतं. म्हणजे ज्या भीतीने तो पळाला, त्या भीतीत काही दमच नव्हता. आणि आता तीच बाई त्याचं खोटं आपल्या डोक्यावर घेऊन बसली होती. जमिनीने पोटात घेतलं तर बरं, असं त्याला झालं.

बाकावर बसल्यावर त्याने सांगितलं. "मी त्या दिवशी आत गेलोच नाई," एवढं पहिलं वाक्य बाहेर पडायला वेळ लागला. मग पट्टीचं सांगितलं, मग रिपोर्टचं, मग कपाटाचं. देवश्रीने मध्ये एकदाही अडवलं नाही. तो थांबला तेव्हा ती मांडीवर हात ठेवून समोर बघत होती. आता ती ओरडेल, रडेल, सगळ्यांदेखत मारेलसुद्धा, असं त्याला वाटलं. मारलं असतं तर त्याला हलकं वाटलं असतं.

"भावाच्या लग्नात मले ताप आला होता," ती म्हणाली. "गोळी घेऊन झोपली होती मी, दुपारभर शुद्ध नव्हती. दार नुसतं लोटलेलं. ते आठ दिवस मी तेच आठवून राहिली होती. कोण आलं असन त्या खोलीत? एकेक पाहुणा आठवला मी. माह्या मामेभावावर शक घेतला. ज्याच्यासंगं मी लहानपणापासून खेळली, त्याच्यावर."

निरंजन काहीतरी बोलायला गेला.

"मले वाटलं, माह्यासंगं काहीतरी झालं आणि मलेच माहीत नाई," ती म्हणाली. "पण तुम्ही खोटं बोलून राहिले असान, हे एकदाही मनात आलं नाई."

ती उठली आणि आत गेली. तिने आधी प्रेमलाबाईंची माफी मागितली. प्रेमलाबाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. हे पोट ठेवायचं नाही आणि नळ्याही बांधून घ्यायच्या, असं देवश्रीने सांगितलं. आज तपासण्या होतील, डॉक्टर बघतील, मग तारीख मिळेल, असं म्हणत प्रेमलाबाईंनी फॉर्म पुढे केला. निरंजन दारात येऊन उभा राहिला होता. आता तरी आपला काही उपयोग व्हावा म्हणून त्याने खिशातलं पेन काढून हातात धरलं. यांनी सही कुठे करायची, देवश्रीने विचारलं.

"नवऱ्याची सही नाई लागत यात," प्रेमलाबाई म्हणाल्या. "तुमची लागते. पयलेपासून तसंच हाये."

देवश्री फॉर्मवर वाकलेली तशीच राहिली. गंधालीच्या वेळी तिने टेबलावरून हो म्हटलं होतं. तेवढं पुरेसं होतं. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि बाहेर उभ्या असलेल्या दोघांना कोणी विचारायला नको होतं. निरंजनने पेन परत खिशात ठेवलं. सही करून झाल्यावर देवश्री त्याच्याकडे वळली. आवाज अगदी साधा होता. "तुम्ही घरी जा आणि आईले सगळं सांगा. मी येईन तोवर त्याईले माहीत असलं पायजे."

शांताबाई घरापुढच्या ओट्यावर सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. निरंजन तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. पखवाडा, बाक, प्रेमलाबाई, कापूस आणि पट्टी, आईने चोळलेली ती कंबर. देवश्रीने पोरीच्या डोक्यावर ठेवलेला हात, तिच्या मनात आलेलं ते घाणेरडं, आणि आज तिने भरलेला फॉर्म. एकही सबब त्याने जोडली नाही. चाळिशीला आलेला तो माणूस आईच्या शिव्या खायला मान खाली घालून उभा होता.

शांताबाईने सूप बाजूला ठेवलं. "म्हणजे आपरेशन नाई केलं तू?"

"नाई."

तिने डोळे मिटून हात जोडले. "बरं केलं रे बाबा, पळून आला. देवानंच बुद्धी दिली माह्या पोट्ट्याले." तिने पदराने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. किती बारीक झाला आहेस काळजीने, म्हणाली. आणि चहा ठेवायला आत गेली.

"त्या फारमाचं काही मनावर घेऊ नको," आतून तिचा आवाज आला. "ती आली का आपण दोघं समजावू तिले. अद्रक टाकू ना?"

आपण दोघं. निरंजन ओट्यावर उभाच होता. जगात त्याच्या बाजूचं म्हणून एकच माणूस उरलं होतं, आणि ते कशासाठी त्याच्या बाजूला होतं, ते ऐकून त्याला स्वतःची किळस आली. आईला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. देवश्रीला कोणीही समजवायचं नाही, हे सांगायचं होतं. गंधालीच्या वेळी दवाखान्यात नर्ससमोर बोलायला हवं होतं, ते आज बोलायचं होतं. त्याने तोंड उघडलं.

"आई, चहा नको," तो म्हणाला. सगळ्या आयुष्यात आईला दिलेला तो त्याचा पहिला नकार होता, आणि तोही चहाला.